किती चाललीस?

बुधवारी दुपारी मी शाळेतले माझे तास शिकवून घरी आले तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. शेजारच्या कर्स्टीच्या पोटावर दोन्ही हात ठेवून ती बाळाचं डोकं शोधत होती. वाऱ्याने दोघींचे केस उडत होते.

“डोकं खाली हाय, आन् चांगलं मोठं हाय,” आई म्हणाली. “सांग वं मृणाल तिले. पोरगं शहाणं हाय म्हणा, आईसारखं उलटं नाही.”

मी इंग्रजीत सांगितलं. कर्स्टी खूप हसली. मग म्हणाली, सोमवारी ती शहरात राहायला जाणार, नव्वद मैलांवर. परदेशातल्या या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात बाळंतपणं होत नाहीत. तारखेआधीच जायचं आणि हॉस्पिटलजवळ खोली घेऊन वाट बघत बसायचं.

“आन् त्याच्या आधीच कळा आल्या तं?” आईने माझ्यामार्फत विचारलं.

“मग अॅम्ब्युलन्स,” कर्स्टी म्हणाली. “आहे ना गावात एक.”

“एकच?”

“आजूबाजूच्या चार गावांना मिळून एक.”

आई माझ्याकडे वळली. “म्हणजे मेळघाटच झाला हा. फक्त चहा फिका.”

इथे माझ्याकडे राहायला येण्याआधी आई मेळघाटात एकतीस वर्षं नर्स होती. दोन खोल्यांचं उपकेंद्र, त्याला लागून आमचं क्वार्टर. आठवड्यातून एकदा डॉक्टर येत, आले तर. त्या दिवशी बाकावर पुढे सरपंचाची बायको, दुकानदार, मास्तर. पाड्यांवरून आलेल्या कोरकू आदिवासी बाया भिंतीकडेला उकिडव्या बसायच्या, लेकरं मांडीवर घेऊन. त्यांना कोणी उठ म्हणत नसे आणि पुढे ये असंही म्हणत नसे.

आई आधी त्यांच्याकडे जायची. काय दुखतं हे नंतर, पहिला प्रश्न, “किती चाललीस?” जी सगळ्यांत लांबून चालत आली, तिचा नंबर पहिला. सरपंचाची बायको एकदा म्हणाली, “सिंधुबाई, आम्ही काय माणसं नाही?” आई म्हणाली, “हाव ना ताई. पण जवळची माणसं हा तुम्ही.” तिची स्वतःची आई तालुक्याच्या दवाखान्यात, वर येऊ देत नव्हते म्हणून, दिवसभर पायरीखाली उभी राहिली होती, हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

मी पाच पावलांवर राहत होते. त्यामुळे माझा नंबर शेवटचा. सात वर्षांची असताना गोवराच्या तापात मी क्वार्टरच्या दारात बसून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली होती. मला तिचा नियम पटत होता. रागही यायचा. दोन्हींबद्दल मी कधी काही बोलले नाही.

कर्स्टी गेल्यावर आई खुर्चीत बसली. थोड्या वेळाने पाहिलं तर ओठावर घाम आणि हात जबड्याखाली.

“काय होतंय?”

“पित्त. कालची भजी.” तिने ओवा मागितला. “मले काही झालं नाही.”

“डावा हात दुखतोय का?”

“तू कधीपासून नर्स झालीस वं?”

मी फोन उचलला. तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून ताकद होती.

“एकच तं गाडी हाय,” ती म्हणाली. “म्या बोलावली, ती मले घेऊन नव्वद मैल गेली, आन् इकडे या पोरीले कळा लागल्या तं? माह्या पित्तापायी?”

“तिची तारीख लांब आहे, आई.”

“तारीख पोटातल्याले ठाऊक असते का? ठेव तो फोन.”

मी स्वतः गाडी काढते म्हटलं, तर म्हणाली, घाटात धुकं असेल, सकाळी पाहू. मी फोन ठेवला. तिचं ऐकायची चाळीस वर्षांची सवय होती.

रात्री ती थोडा वरण-भात जेवली. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत माणसं शेवटच्या रात्री काहीतरी सांगून ठेवतात. आई म्हणाली, “भाताचं पातेलं भिजू घाल, नाहीतर सकाळी घासत बसशीन.”

सकाळी सहाला ती न्हाणीघराबाहेर पडलेली सापडली. श्वास चालू होता; मी मदतीसाठी फोन लावला, तोवर तो थांबला. अॅम्ब्युलन्स तेव्हा दुसऱ्या गावचा पेशंट घेऊन शहरात गेलेली होती. धुक्यामुळे हेलिकॉप्टर निघेना. अॅम्ब्युलन्सच्या फोनवरची बाई शांतपणे आकडे मोजत होती आणि मी तिच्या मोजण्यावर आईची छाती दाबत होते. बऱ्याच वेळाने गावातले दोन प्रशिक्षित स्वयंसेवक हृदयाला झटका द्यायचं मशीन घेऊन आले. गाडी यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. तोवर आई गेली होती.

पॅरामेडिक वयस्कर होता, मऊ बोलणारा. फॉर्म भरताना त्याने विचारलं, आधी काही त्रास होता का? मी बुधवारचं सगळं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. “काल दुपारपासून रात्रीपर्यंत आम्ही इथेच होतो,” तो म्हणाला. “एकही कॉल नव्हता.” मग त्याला आपण हे बोलायला नको होतं असं वाटलं असावं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कर्स्टीला शहरातच मुलगी झाली, अकरा दिवसांनी. गाडीची गरज पडली नाही. काल ती बाळाला घेऊन आली होती. आईच्या खुर्चीत बसायला घाबरली, म्हणून मीच तिला तिथे बसवलं. बाळाचं डोकं खरंच मोठं होतं. “तुझ्या आईला बरोबर कळलं होतं,” ती म्हणाली आणि रडली. त्या दुपारी ती गेल्यावर आईने फोन का करू दिला नाही, हे तिला माहीत नाही. मी सांगणारही नाही.

ती गेल्यावर मी मागचं दार लावायला गेले. आईच्या चपला अजून तिथेच आहेत, टाचेकडे झिजलेल्या. मी खाली बसले आणि मोठ्याने बोलले. घरात दुसरं कोणी नव्हतं.

“आई, तू किती चाललीस? तुला कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. या गावात सगळ्यांत लांबून तूच आली होतीस. तुझा नंबर पहिला होता. मी तुझा हात सोडवून फोन करायला हवा होता.”