तीन तारखा

रेडिएशन विभागातल्या रेसिडेंटला संशोधनाची हौस असते असं ज्याला वाटतं, त्याने आमचा एक दिवस पाहावा. सकाळी ओपीडी, मग स्कॅनच्या एकेका कापावर गाठीभोवती रेघा ओढणं, मग त्या रेघा चुकल्या म्हणून विभागप्रमुख मॅडमची बोलणी खाणं. संशोधन उरलं जेवणाच्या सुट्टीपुरतं. तरी मी ते करत होते, कारण मला ती जागा हवी होती. मोठ्या संस्थेत वर्षभर फक्त संशोधन, आणि आमच्याकडून एकच जण जाणार. माझा अभ्यास शुक्रवारपर्यंत पूर्ण झाला, तर मॅडम माझीच शिफारस करणार होत्या.

अभ्यास साधा होता. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेऊन गेलेल्या नव्वद जणांना सहा महिन्यांनी फोन करायचा आणि गिळण्याबद्दल दहा प्रश्न विचारायचे. दुसराच प्रश्न, पाणी पिताना ठसका लागतो का? हो म्हणाले, तर त्याच दिवशी बोलावून घ्यायचं, कारण पाणी फुप्फुसात उतरत असेल तर ते जिवावर बेततं. फोन उचलला नाही, तर आणखी दोन वेगळ्या दिवशी करून बघायचा. आमच्या विभागाच्या नंबरावर उलट फोन लागत नाही. "त्यांना आपल्याला गाठता येत नाही, तेव्हा चिकटपणा आपणच करायचा," असं मॅडम म्हणायच्या.

एकोणीस जणांनी उचलला नाही. गुरुवार उजाडला तरी मी त्यांना पुन्हा फोन केला नव्हता. मग प्रत्येकाच्या नावापुढे उरलेल्या दोन तारखा मी मनानेच टाकल्या. रविवार तेवढे टाळले, एवढी मी हुशार. कुणाची उत्तरं तर खोटी लिहिली नाहीत, मग कुणाचं काय जातंय, अशी मी माझी समजूत घातली. ती पटली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, मॅडमनी नुसतं "झालं का?" विचारलं तरी माझे कान गरम व्हायचे.

शिफारसपत्र तयार व्हायला तीन-चार आठवडे गेले. त्यावर मॅडमची सही व्हायची होती त्या सकाळी घड्याळवाले काका ओपीडीत आले. काका घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या बायकोवर आम्ही उपचार केले होते. काकू अखंड बोलणाऱ्या. मशीनवर चेहऱ्यावर घट्ट जाळी बसवतात, तेव्हा तोंड उघडता येत नाही. "हे यंत्र घरी नेता येईल का?" असं काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं. बाहेर आल्यावर काकू दहा मिनिटांचं उट्टं काढायच्या.

आज काका एकटेच होते. मला कळायला हवं होतं, पण मी सवयीने विचारलं, "काकू कशा आहेत?"

"गेली ती. तीन आठवडे झाले." काका खुर्चीच्या कडेवर बसले. "तुमचा फोन आला होता ना, त्यानंतर चार दिवसांनी."

मॅडम शेजारच्या टेबलावर होत्या. त्या उठून आल्या.

"पाणी पिताना ठसका लागायचा तिला," काका म्हणाले. "आम्हाला वाटलं, रेडिएशन झालं की लागतच असेल. मग ताप भरला. शेवटी धाप. तुमचा फोन वाजला तेव्हा मी तिला पाणीच पाजत होतो, उचलता आला नाही. नंतर केला तर लागेना. म्हटलं, पुन्हा करतील. फोन खिशातच ठेवला होता. फोन कशासाठी केला होता, तेवढं विचारायला आलो."

मॅडमनी कॉम्प्युटरवर माझी यादी उघडली. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना माझी बाजू घ्यायची होती. "काका, आमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तीनदा फोन केला होता. हे बघा, पाच, सात आणि आठ तारीख. तिन्ही वेळा उचलला गेला नाही."

काकांनी खिशातून फोन काढला. अंगठ्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली, पुन्हा वर. "तीनदा?" ते म्हणाले. "इथे तर एकच दिसतोय. माझ्याकडून पुसले गेले असतील. मला या फोनमधलं काही कळत नाही. तीनदा आला आणि मी..." त्यांची मान खाली गेली. सेकंदकाटा हाताळणारी ती बोटं अजून यादी चाळत होती.

मला गप्प राहता आलं असतं. काकांनी स्वतःलाच दोषी धरलं होतं, मॅडमनी मला निर्दोष ठरवलं होतं. मला स्वतःची किळस आली.

"काका, तुमच्याकडून काही पुसलं गेलं नाही," मी म्हणाले. "मी एकदाच फोन केला. पुढच्या दोन तारखा मी खोट्या लिहिल्या. मॅडम, एकोणीसही जणांच्या."

सहीसाठी ठेवलेला कागद मॅडमनी फाइलखालून काढला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. मग टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. उरलेले अठरा जण होतेच.

"पाणी पिताना ठसका लागतो का, हे विचारायचं होतं," मी काकांना म्हणाले. "तुम्ही हो म्हणाला असतात, तर त्याच दिवशी काकूंना बोलावलं असतं."

काकांनी हातातला फोन खिशात ठेवला. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच वाटत होतं.

"म्हणजे चुकलेला एक फोन माझा," ते उठत म्हणाले. "आणि दोन तुमचे."