आबाजींच्या सालीचा निकाल

वरठीच्या फलाटावर गाडी पुरती थांबलीही नव्हती, तोच देवकाआत्या दारातूनच ओरडली, "मेल्या वं रुखमा, मेल्या! साऱ्याच्या साऱ्या मेल्या!"

माणसं दचकून बघायला लागली. कोण मेल्या, कुठं मेल्या? रुखमिणीनं मात्र जागच्या जागी अशी उडी मारली की एक चप्पल रुळांवर जाऊन पडली.

मेल्या होत्या त्या कॅन्सरच्या पेशी. आत्या नागपूरला ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतल्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशांत वाढवत आणि त्यांच्यावर झाडपाल्याचे अर्क टाकून बघत. दिवाळीत रुखमिणीनं हट्टानं आपल्या आबाजींच्या, म्हणजे आजोबा गोमाजींच्या, औषधाची बाटली आत्याच्या पिशवीत कोंबली होती. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाची साल, पाण्यात उकळलेली. तेव्हा बाबांनी, केवळरामांनी, मिशीतल्या मिशीत हसत शब्द दिला होता, "बुढ्याची साल पास झाली तर दहावीनंतर नागपूरले जाय, सायन्स शिक. नाई तं मोहाडीले शिलाईचा क्लास."

शिलाई! रुखमिणीनं बटण लावलं की ते शर्टासकट तिच्या फ्रॉकलाच शिवलं जायचं.

आंधळगावला घरी नुसता कल्ला. रुखमिणी मनातल्या मनात पांढरा कोट घालून अंगणात गिरक्या घेऊन राहिली होती. आबाजी तर नवरदेवासारखे ताठ. "मी म्हणत नव्हतो? माही साल म्हणजे साल आहे!" असं म्हणत त्यांनी माळ्यावरून दुसरी बाटली काढली आणि औषध म्हणून दोन घोट घेतले. मग आणखी दोन. मग खांद्यावर दुपट्टा टाकून दंडारीच्या नाटकातल्या राजासारखे ते चक्क नाचायलाच लागले.

रुखमिणी टाळ्या वाजवत जवळ गेली, आणि तिला वास आला.

"आबाजी, यात मोहाची दारू आहे?"

"नुसत्या पाण्यात साल नासते ना बाई! वरून टाकाच लागते. माह्या बापापासून आहे ते."

"आत्याच्या बाटलीत पण?"

"तिच्यात तं पहिल्या धारेची टाकली," आबाजी मायेनं म्हणाले. "लेक आहे ते माही!"

आत्याला काही कळलं नव्हतं. दिवसभर स्पिरिटच्या वासात राहणारं नाक ते! आता रुखमिणीला फक्त चूप बसायचं होतं. चूप बसलं की नागपूर. पण तेवढं एकच काम तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

"आत्या, पेशी सालीनं मेल्या का दारूनं?"

आबाजींचा एक पाय हवेतच राहिला.

"एका बशीत नुसती मोहाची टाक, एका बशीत नुसती साल. मंग खरं समजन."

आत्या ओट्यावर मटकन बसली. "बाप्पा! मी साऱ्या लॅबमध्ये पेढे वाटून आली वं!" आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटली.

पुढच्या खेपेला ती निकाल घेऊनच आली. मोहाच्या बशीतल्या पेशी झाडून मेल्या होत्या. सालीच्या बशीतल्या?

"धानावानी तरारल्या," आत्या म्हणाली.

"म्हणजे दारूच औषध!" आबाजी.

"दारूनं तं माणूसही मरते, बाबा. पेशीचं काय घेऊन बसले?"

रुखमिणीनं श्वास रोखून बाबांकडे बघितलं.

"साल फेल झाली ना?" केवळरामांनी विचारलं.

"झाली."

"अन् फेल कोणं केली?"

"...मीच."

केवळरामांनी मिशी कुरवाळली. "सोताच्या आजाले सोडत नाई हे पोट्टी. इले शिलाईले बसवली तं साऱ्या आंधळगावच्या पोलक्यांच्या चुका चौकात सांगन. देवका, ने बाई इले नागपूरले!"

रुखमिणी ओरडत रस्त्यावर पळाली, या वेळी दोन्ही पायांनी अनवाणी.

"मंग," मागून आबाजी विचारत होते, "त्या उरलेल्या बाटलीचं काय करा लागते?"