डाव्या फळीची ओळ

मी गाणारी नव्हे, सूर धरणारी. गाणाऱ्या बायका वर-खाली हिंडत असतात आणि त्यांच्या खाली आम्ही दोघीतिघी एकच खालचा सूर धरून उभ्या असतो. हलायचं नाही, तुटू द्यायचा नाही. एकीचा श्वास संपत आला की दुसरीनं उचलायचा. मला मठात आणलं त्या दिवशी मठाच्या प्रमुख आई मकरीनांनी माझा गळा ऐकला आणि म्हणाल्या, "अनिसिया, तुझ्या आवाजाला पाय नाहीत. पण बूड भक्कम आहे." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. तेव्हापासून एकतीस वर्षं मी तोच एक सूर धरतेय.

आमचा मठ लहान. कॉन्स्टँटिनोपलच्या दक्षिणेला, समुद्राकडच्या तटाला चिकटून. रोग आला त्या वर्षी आम्ही सतराजणी होतो. देवळात आमच्या दोन फळ्या. स्तोत्राची एक ओळ उजव्या फळीनं म्हणायची, पुढची डाव्या फळीनं. असं एकमेकींना उत्तर देत देत शेवटापर्यंत जायचं. उजव्या फळीची म्होरकी मात्रोना, डावीची फेव्रोनी. दोघी सख्ख्या बहिणी. सिलिव्रीच्या एका देवळातल्या गवयाच्या पोरी. बाप गेल्यावर थोरली धाकटीचा हात धरून आमच्या दारात आली होती.

मात्रोनाचं गाणं सरळ, धुतल्या दगडासारखं. फेव्रोनीचं तसं नव्हतं. ओळ संपली तरी तिचा गळा थांबत नसे. अर्थ नसलेली अक्षरं घेऊन, ते-रि-रेम, ते-ने-रेम करत ती त्या शेवटच्या शब्दाला वळसे घालत बसे. मोठ्या देवळांतून तेव्हा तशी टूम निघालीच होती. आम्हाला आवडायचं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा यायचा.

त्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या आधी आम्ही बाकल्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मात्रोना सगळ्यांदेखत तिला बोलली.

"काल संध्याकाळी देवाला गाणं ऐकवत होतीस की स्वतःला?"

फेव्रोनी हसली. "का गं ताई, देवाला घाई होती का?"

"मला होती. माझी ओळ यायची होती. मी तोंड उघडून उभी, आणि तुझं आपलं चाललंय ते-रि-रेम, ते-रि-रेम. बाबा असते तर कान उपटला असता."

"बाबा असते तर म्हणाले असते, थोरलीचा गळा लाकडाचा आहे."

शेंगा सोलणारे सगळे हात थांबले. मात्रोना उठली, मांडीवरची सालं झटकली आणि निघून गेली. त्यानंतर सबंध उपासभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या फक्त देवळात. एक ओळ हिची, एक ओळ तिची.

मग काळ्या समुद्रापलीकडच्या काफाहून गलबतं आली आणि त्यांच्याबरोबर तो रोग. आधी बंदरावरचे हमाल गेले. मग त्यांच्या बायका, मग पुरणारे. आम्ही दार लावून घेतलं. पण तटाखाली एका नावाड्याची विधवा दोन पोरांना घेऊन राहत असे, तिला मठाची भाकरी बांधलेली होती. एका सोमवारी आई मकरीनांनी भाकरी देऊन फेव्रोनीला पाठवलं. ती परत आली तेव्हा टोपली भरलेलीच होती.

"दार उघडं होतं, आई," ती अंगणात उभी राहून म्हणाली. "तिघंही आत होती. मी पोराचे डोळे मिटले."

आई मकरीना दोन पावलं मागे सरल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, हे मला आधीच सांगू द्या. सोळाजणींचा जीव त्यांच्या गळ्यात होता. त्यांनी फेव्रोनीला आजाऱ्यांच्या खोलीत जायला सांगितलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

ती खोली देवळाच्या डाव्या भिंतीला लागून आहे. आजारी बाईला प्रार्थना ऐकू यावी म्हणून भिंतीत वीतभर जाळी ठेवलेली. माझी जागा डाव्या फळीच्या टोकाला, बरोबर त्या जाळीखाली. आईंनी बजावलं, जाळीशी कुणी बोलायचं नाही. श्वासातून रोग जातो असं तेव्हा म्हणत. पेलागिया ही आमची दारवाली; ती रोज किल्ली मागून घेणार, खोलीचं दार फटभर उघडून पाणी-भाकरी आत सरकवणार, आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

"आणि तिच्या ओळी?" मात्रोनानं विचारलं.

आईंनी जरा विचार केला. "ओळी म्हणू दे. तो तिचा धर्म आहे."

म्हणून बोलायला बंदी, पण गायला मुभा, असं झालं. पहिले दोन दिवस जाळीतून तिचा आवाज खणखणीत यायचा आणि डावी फळी तिच्यामागून चालायची. तिसऱ्या दिवशी खरखर आली. चौथ्या दिवशी सकाळी ती ओळीचा नुसता शेवटच उचलत होती. त्याच दुपारी पेलागिया विहिरीपाशी कोसळली. तिच्या काखेत गाठ होती. तिला उचलणं, धुणं, तिच्यासाठी धान्याची कोठी रिकामी करणं, या धांदलीत आजाऱ्यांच्या खोलीत पाणी गेलं नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही अकराजणीच होतो; बाकीच्या पेलागियापाशी अडकलेल्या. दिवे लावायच्या वेळचं, देवाला हाक मारायचं स्तोत्र सुरू झालं. उजवीची ओळ झाली. डावीची ओळ तरण्या थेक्लानं कशीबशी शेवटापर्यंत नेली. मग जाळीतून आवाज आला. बारीक, फाटलेला, पण सुरात. ओळीचा शेवट धरून तो वळसे घ्यायला लागला. ते-रि-रे. ते-ने-रे. ते-ने-रो.

मी सूर धरून उभी होते. माझ्या कानापासून हातभर अंतरावर ते चाललं होतं. ते-ने-रो. ने-रो. ने-रो. आमच्याकडे पाण्याला नेरो म्हणतात. लहान मूलसुद्धा पहिल्यांदा तोच शब्द शिकतं. बोलायला बंदी होती म्हणून ती गाऊन मागत होती. मधूनच "ताई" असंही आलं, सुरात, लांबवून.

मला कळलं. मी थांबायला हवं होतं. सूर सोडून ओरडायला हवं होतं, 'आई, किल्ली.' पण मी सूर तुटू दिला नाही. इतक्या वर्षांत एकदाही तुटला नव्हता, हे माझ्या मनात आलं. तसल्या वेळी हे माझ्या मनात आलं. आणि तेवढ्यात समोरून मात्रोनानं आपली पुढची ओळ उचलली. धाकटी संपण्याची वाट न बघता, तिच्या आवाजावर आवाज चढवून, घुमट दणाणेल अशी. जाळीतला आवाज त्याखाली गेला. स्तोत्र पुरं झालं.

सकाळी आईंनी स्वतः दार उघडलं. ती जाळीखाली भिंतीला टेकून बसलेली होती. मडकं उपडं होतं.

नवव्या दिवशी पेलागियाही गेली. त्यानंतर महिनाभर मठात कुणी आजारी पडलं नाही, आणि आम्ही पुन्हा सगळ्या देवळात उभ्या राहू लागलो. तेव्हा ते सुरू झालं.

दिवे लावायचं स्तोत्र यायचं. थेक्ला डावीची ती ओळ म्हणून संपवायची. आणि मात्रोना पुढची ओळ उचलायचीच नाही. तोंड किंचित उघडं ठेवून, डोळे जाळीकडे लावून ती उभी राहायची, एखाद्याचं बोलणं संपायची वाट बघावी तशी. मग एकदम मान हलवून सुरू करायची. आधी दोन श्वास, मग चार. एकदा तर मी सूर सोळा श्वास धरून उभी होते.

"मात्रोना, ओळ विसरलीस का?" आईंनी तिला जेवताना विचारलं.

"नाही, आई."

"मग?"

"ती अजून संपलेली नसते."

आईंच्या पळीतलं कालवण परत भांड्यात पडलं. त्या आठवड्यात त्यांनी जाळी देवळाच्या बाजूनं लाकडी फळीनं ठोकून घेतली. काही फरक पडला नाही. थेक्ला मला म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. त्या थांबल्या की माझ्या मानेवर कुणीतरी फुंकर घालतं." मी तिला म्हटलं, दाराचा वारा असेल.

वारा नव्हता. मला ऐकू येत होतं. त्या थांबलेल्या वेळात माझ्या सुराच्या वर, अगदी जवळ, कुणीतरी तेच वळसे घेत होतं. कानांनी ऐकू येत होतं की छातीत, हे मला अजून सांगता येत नाही. पण ते संपलं की त्याच क्षणी मात्रोना ओळ उचलायची. दर वेळी, बरोबर त्याच क्षणी. म्हणजे आम्ही दोघी एकच ऐकत होतो.

फेव्रोनीच्या मरणाच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रसादासाठी गहू उकडायचे होते. मात्रोना आणि मी ओसरीवर सूप घेऊन खडे काढत बसलो होतो.

"मात्रोना, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या संध्याकाळी ती ते-रि-रेम म्हणत नव्हती."

ती गहू पाखडत राहिली.

"पाणी मागत होती. मी ऐकलं. मी सूर सोडला नाही."

"मला ठाऊक आहे," मात्रोना म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ती काय म्हणत होती ते. मला ऐकू आलं. पहिल्या नेरोलाच कळलं." तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्या मनात आलं, हिला आता पाणी द्यायला कोण जाणार? मी. मी मोठी. आणि मला मरायचं नव्हतं, अनिसिया. म्हणून मी आवाज चढवला. ऐकलंच नाही असं झालं की झालं."

मी रडायला लागले. ती रडली नाही. सूप पुन्हा हातात घेत म्हणाली, "तू सूर सोडला असतास तर मला तुझा राग आला असता. जन्मभर आला असता."

गहू उकडले, त्यात बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे घातले, वर मेणबत्ती लावली, फेव्रोनीचं नाव घेतलं.

त्यानंतर पाचच दिवसांनी थेक्ला सकाळच्या प्रार्थनेत खाली बसली ती उठलीच नाही. अंग चुलीसारखं तापलेलं. सगळ्या भराभर मागे झाल्या, मधे मोकळी जमीन आणि तिच्यावर ती पोर. आई मकरीनांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला. मात्रोना पुढे झाली आणि तिनं हात पसरला.

"किल्ली द्या, आई."

"मात्रोना, शहाणपणा करू नकोस."

"कुलूप आतून लावीन हवं तर. पण मी आत आणि किल्लीही आत. रोज दोन मडकी दाराशी ठेवा."

"तू उजव्या फळीची म्होरकी आहेस. तू गेलीस तर मठाचं गाणं गेलं."

"गाणं असतानाच एक गेली ना, आई?"

आईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कडीतून किल्ली काढली. मात्रोनानं थेक्लाला लहान मुलीसारखी उचलली आणि अंगणातून घेऊन गेली. दाराशी मडकी ठेवायचं काम मी मागून घेतलं. जाळीवरची फळीही मीच कोयत्यानं उचकटून काढली. कुणी अडवलं नाही.

थेक्ला दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मात्रोना चाळीस दिवस आतच राहिली. तिला ताप आला, मांडीत गाठ आली, ती फुटली, आणि ती वाचली. मी जाळीशी बोलायची. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पोर पाणी प्यायली का?"

"चार घोट," आतून आवाज आला. "मग नको म्हणाली. आपल्या आईच्या बकऱ्यांबद्दल बोलत होती. मी नुसती हो-हो करत बसले."

ती बाहेर आली तेव्हा केस पिकलेले आणि आवाज निम्मा राहिलेला. उजव्या फळीकडे ती पुन्हा गेली नाही. डावीकडे येऊन उभी राहिली, धाकटीच्या जागेवर, माझ्याशेजारी. तिथून अकरा वर्षं गायली. फेव्रोनीसारखे वळसे तिनं कधीच घेतले नाहीत. ओळ संपली की गप्प व्हायची, पण आमच्या डोक्यावरची जाळी लगेच गप्प होत नसे. आता उजवीला कुणीही असो, त्यांना मात्रोना हातानं खूण करायची: थांबा. मग: आता म्हणा.

मात्रोना गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नव्या मुलींनी फेव्रोनीला पाहिलं नाही, रोगही पाहिला नाही. त्या ओळीनंतर त्या आपणहून थांबतात. त्यांना वाटतं आमच्या मठाची चालच तशी आहे. गेल्या उन्हाळ्यात थेसालोनिकीहून एक बाई आल्या होत्या, गाणं शिकवणाऱ्या. त्यांना ती जागा फार आवडली. "किती सुंदर थांबता तुम्ही!" म्हणाल्या, आणि तिथे थांबायचं अशी खूण आपल्या वहीत तांबड्या शाईनं करून घेतली.

सगळ्या थांबलेल्या असतात तेव्हा सूर मला धरावा लागतो, आणि त्याच्यावर काय चाललंय ते ऐकावंही लागतं.