व्याह्यांच्या गाडीचं घुमणं

मुलीकडून नारळाशिवाय काही घ्यायचं नाही, असं रत्नाकर दाणींनी लग्नाच्या बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. तरी लग्न होऊन महिना झाला नाही तोच व्याह्यांची अँबॅसडर अण्णा नगरात त्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली. व्याही राघोत्तमराव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले, राहायला त्याच शहरात, तिरुवल्लिकेणीच्या अरुंद बोळात. "आमच्याकडे लावायला जागा नाही ओ," ते म्हणाले. "तुमच्या दारात सावली आहे. राहू दे की." गाडी वयानं जुनी, पण रंग, सीटची कव्हरं, टायर, सगळं नवं करून आणलेली. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

गाडी गावात मुकाट चालायची. साठाच्या पुढे काटा गेला की मात्र कुठूनतरी हुंऽऽ असं घुमायला लागायची. वेग वाढला की सूर चढायचा, उतरला की उतरायचा. रत्नाकररावांची सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची चाकं तपासण्यात गेलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केलं, बेअरिंग. पोटदुखीपासून शेजारधर्मापर्यंत जगातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ त्यांना बेअरिंगमध्येच दिसायचं, असं त्यांच्या बायकोचं, विद्युलताबाईंचं, मत होतं.

पण हे बोलायचं कुणापाशी? मुलाच्या बापानं व्याह्यांनी दिलेल्या वस्तूला नावं ठेवली, की त्याचा अर्थ एकच होतो. "धर्माची गाय, दात का गं नाय, अशी गत व्हायची आपली," विद्युलताबाई म्हणाल्या. "आधी काही नको म्हणालात, आणि आता खोड काढायची?" म्हणून रत्नाकररावांनी गुपचूप पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलून आणलं. गाडी घुमायची ती घुमतच राहिली, आणि पुढे वर्षभर त्या आवाजाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग लावण्याला, त्यांच्या सुनेला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही तंजावरला आजीच्या घरी, असं ठरलं. शुक्रवारी सकाळी राघोत्तमराव तिला स्वतः गाडीनं नेणार होते. रत्नाकररावांची झोप उडाली. धावत्या गाडीत बेअरिंग जाम झालं तर काय होतं, हे त्यांनी डब्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हळूच रेल्वेचं नाव काढून पाहिलं, तर राघोत्तमरावांचा चेहरा पडला. "आमच्या गाडीत आमच्या पोरीला नेऊ नये का?" त्यांनी विचारलं. रत्नाकररावांनी विषय बदलला. सून की व्याही, कुणातरी एकालाच सांभाळता येईल असं त्यांना वाटू लागलं आणि ते अगदी मेटाकुटीला आले.

शेवटी बुधवारी ते राघोत्तमरावांना म्हणाले, "चला, मकरंदला ऑफिसातून घेऊन येऊ." मकरंदचं, त्यांच्या मुलाचं, ऑफिस शोळिंगनल्लूरला, आणि तिकडचा रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. कुठे नवंकोरं डांबर, कुठे खोदून ठेवलेला जुना भाग. नव्या डांबरावर गाडीनं वेग घेतला आणि घुमायला लागली. दोघं व्याही समोर बघत बसले. राघोत्तमरावांनी अचानक सरकारी रस्त्यांची तोंड भरून स्तुती सुरू केली.

रत्नाकररावांनी गाडी कडेला घेतली.

"राघोत्तमराव, वाईट वाटून घेऊ नका. गाडी आवाज करते. लावण्याला यातून पाठवायला मला भीती वाटते."

"माहीत आहे ओ, संबंधी," राघोत्तमराव म्हणाले. तिकडे व्याह्याला संबंधीच म्हणतात. "पहिल्या दिवसापासून ऐकतों. तुमी कधी काही बोल्ले नाहीत, म्हणून मी अजून लाजलों. डाव्या चाकाचं बेअरिंग बदललों देखील."

"कधी?"

"तुमी पुण्याला गेले होते तेव्हां. देवळाला जातों म्हणून गाडी नेलों नाही का?"

"अहो, ते मी त्याच्या आधीच्या आठवड्यात नवं घातलं होतं."

"मेकॅनिक सांगितला की, सार, नवं आहे, कशाला काढतां. मी म्हटलों, पोदुम, बोलणं पुरे, काढ."

दोघं इतके हसले की राघोत्तमरावांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं रत्नाकररावांना हलकं वाटलं. चोरीच उघडी पडल्यावर आता लाजायचं कशाला? दोघांनी मिळून शोध सुरू केला. वेगात असताना गाडी न्यूट्रलला टाकली, आवाज तसाच, म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. रस्ता मोकळा बघून गाडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे झुकवली. बेअरिंग गेलेलं असतं तर एका बाजूला वजन पडताच सूर बदलला असता. तो बदलला नाही.

"सरी, बरं, मग आहे काय हे?" राघोत्तमरावांनी विचारलं.

इतक्यात नवं डांबर संपून जुना खडबडीत रस्ता लागला, आणि त्याच वेगाला आवाज गडप झाला. पुढे पुन्हा नवं डांबर आलं, पुन्हा हुंऽऽ. रत्नाकररावांनी कपाळाला हात लावला. बेअरिंगला रस्ता कसला ते कळत नाही, रस्ता कळतो तो टायरला. पण त्यांचा जन्म रुळांवर गेलेला. रूळ सगळीकडे सारखेच, त्यामुळे खालची वाट बदलली की चाक वेगळं बोलतं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

खाली उतरून पाहिलं तर टायर जीपला शोभतील असे, जाड ठोकळ्यांचे आणि खोल खाचांचे; गुळगुळीत डांबरावर घुमत होते ते हेच.

"दुकानात सांगितलों, सगळ्यात दणकट असेल ते दे," राघोत्तमराव म्हणाले. "लेकीच्या घरी जायची गाडी."

"आणि जुने?"

"माळ्यावर आहेत. अजून पुष्कळ चालले असते. पण वापरलेले टायर घालून लेकीच्या दारात गाडी कशी उभी करायची, सांगा की."

आपण काही नको म्हणालो, तेव्हा या माणसाला किती अवघड झालं असेल, हे रत्नाकररावांना आत्ता कळलं. "चला," ते म्हणाले, "माळ्यावरचे काढू." गाडी तिथूनच तिरुवल्लिकेणीकडे वळली. मकरंद ऑफिसच्या फाटकाशी बापाची वाट बघून शेवटी कंपनीच्या बसनं घरी आला आणि जेवताना कुणाशी बोलला नाही.

गुरुवारी जुने टायर घालून दोघांनी गाडी त्याच रस्त्यावर पळवली. नव्या डांबरावर वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. शुक्रवारी विद्युलताबाईंनी सुनेची ओटी भरली, दही हातावर घातलं, आणि गाडी गेली.

संध्याकाळी तंजावरहून लावण्याचा फोन आला. वडलांना ती अप्पा म्हणायची, सासऱ्यांना बाबा.

"बाबा, सुखरूप पोचलों. मी सगळी वाट झोपलें. अप्पांच्या गाडीत पहिल्यांदा झोपलें."

"पहिल्यांदा का?" रत्नाकररावांनी विचारलं.

"तुमी असलां की झोपवत नव्हतं, बाबा. गाडीनं वेग घेतला की मी बोलत सुटायचें. तुम्हांला आवाज ऐकूं येऊं नये म्हणून. अप्पांची लाज जाईल असं वाटायचं."

सून गाडीत फार बडबड करते, असं रत्नाकरराव मकरंदपाशी दोनदा कुरकुरले होते.

"लावण्या," ते म्हणाले, "परत येताना मीच न्यायला येतो. तू मागे बाळाला घेऊन खुशाल झोप. बोलायचं काम माझ्याकडे."