कोरडा लामणदिवा

तळवड्याच्या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या कीर्तनाला वीणा दौलतरावांच्या गळ्यात असायची. कीर्तन संपलं की लहानथोर रांगेनं येऊन विणेकऱ्याच्या पाया पडतात. ते पडणं माणसाला नसतं, वीणेला असतं, हे दौलतराव जाणून होते. तरी पाया पडून घेता घेता माणसाला ते गोड लागायला लागतं, आणि लागलंय हे कळतही नाही.

पिंपरीला कारखाना उभा राहत होता त्या सुमाराची गोष्ट. घरोघरी जुनं पितळ मोडीत घालून जर्मलची हलकी, पांढरी भांडी येत होती, आणि पुण्याच्या एका गृहस्थांना नेमकं त्या पितळेचं वेड. राहत्या घराच्या खोल्यांत अडकित्ते, करंडे, दिवे, शेवयांचे पाट मांडून त्यांनी संग्रहालय केलं होतं. गावात येऊन ते म्हणाले, "जुनं काही असेल तर द्या. तुमच्या घराण्याच्या नावानं जपून ठेवीन."

भिमाजीनं आजीचा अडकित्ता दिला. कोणी कुंकवाचा करंडा आणला. मग सगळी मंडळी दौलतरावांच्या पडवीत येऊन बसली.

दौलतरावांकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. हंडे-घागरी कधीच मोडीत गेल्या होत्या. पण गावासमोर नाही कसं म्हणायचं? त्यांची नजर तुळईकडे गेली. तिथं एक लामणदिवा लोंबत होता. वर मोर, मोराचा तुरा तुटलेला, साखळीत एक कडी लोखंडाची.

"ह्यो घ्या. आजोबापासूनचा हाय आमच्या," ते म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, कुसुमताईनं, त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

दिवा शेजारच्या सोनबाचा होता. दौलतरावांच्या मुलाच्या लग्नात आणलेला. उसना दिवा कोरडा परत करायचा नाही, तेल भरून द्यायचा, ही त्या घरांची रीत. करडई घाण्यावर गेली की नव्या तेलानं भरून देऊ म्हणता म्हणता ते साल बुडालं. मग सोनबाच गेला, आणि दिवा तुळईलाच राहिला. सोनबाच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, कधी मागितला नाही. आपली वस्तू शेजारी आहे, जाते कुठं, असं ती धरून चालली होती.

पुढं पौषात ती पडवीत आली. "भावजी, लेकीचं, रंभाचं लगीन जमलं. दिवा न्यावा म्हनलं."

"घासाया दिलाय," दौलतराव म्हणाले. "आणून देतो."

"तेलाचं मनाला लावून घिऊ नका. मी घालीन तेल."

ती गेल्यावर दौलतरावांना जेवण गेलं नाही. पुण्याला जाऊन दिवा मागायचा, तर गृहस्थांना खरं सांगावं लागणार. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्या गृहस्थांचंच बोलावणं आलं. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांनी येऊन बघून जावं. सगळं गाव एसटीत बसलं. सुभद्राबाईही रंभाला घेऊन निघाली. तिला नको म्हणायला दौलतरावांना तोंड नव्हतं.

दिव्यांच्या खोलीत गृहस्थ थांबले. "हा तुमच्या दौलतरावांचा. पिढीजात आहे."

भिमाजी पुढं झाला. "मोराचा तुरा कुणी खाल्ला वो दौलतराव? तुमच्या आजोबानी?"

सगळे हसले. सुभद्राबाईनं मान वर केली. मोर बघितला, मग लोखंडी कडी. ती कडी सोनबानं बसवलेली. दौलतराव भिंतीकडे बघत राहिले.

"लई जुना हाय, तुरा मोडायचाच," ती भिमाजीला म्हणाली. मग गृहस्थांना तिनं विचारलं, "ह्याच्यात तेल घालता का वो?"

"नाही बाई. इथं दिवे पेटवत नाही आम्ही."

"मग कोरडाच व्हय," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली.

येताना एसटीत ती रंभाशी लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होती. एका शब्दानं तिनं दौलतरावांना टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या एकादशीला कुसुमताई म्हणाली, "वीणा आज दुसऱ्याला द्या." पण देवळात गेल्यावर लोकांनी ती त्यांच्याच गळ्यात घातली. त्या दिवशी बुवा फार गोड बोलले म्हणतात. दौलतरावांच्या कानात त्यातलं अक्षर शिरलं नाही. आरती झाली, रांग लागली. माणसं वाकत होती, पुढं सरकत होती. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय विणेकऱ्याला जागचं हलता येत नाही. रांगेत भिमाजीच्या पुढं सुभद्राबाई होती.

ती पुढं आली, पदर सावरला आणि वाकायला लागली.

"वहिनी, थांबा," दौलतराव म्हणाले. मागच्यांनाही ते ऐकू गेलं. "पुण्याला दिवा हाय तो तुमचा. सोनबाचा. मी माझा म्हनून दिला. घासाया दिलाय म्हनलो, ते बी खोटं."

टाळ गोळा करणारे थांबले. बुवांनी खाली पाहिलं.

सुभद्राबाई अर्धी वाकलेली होती, ती सरळ झाली.

"मला म्हाईत हाय, भावजी," ती हळू म्हणाली. "लगीन पंचमीला हाय. दिवा आणा. तेल भरून आणा."

मग तिनं हात पुढं करून वीणेच्या भोपळ्याला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि बाजूला झाली. मागून भिमाजी आला. त्यानंही वीणेलाच हात लावला. त्याच्या मागच्यांनीही. रांग संपेस्तोवर दौलतरावांच्या पायाला कोणाचा हात लागला नाही, आणि ते मान खाली घालून, वीणा छातीशी धरून, तसेच उभे राहिले.