ड्रमवरची तर्री

आमच्या घरात तेलाची भक्ती चालते. इतवारीत आमचं सावजी भोजनालय आहे, आणि रश्श्यावर बोटभर लाल तर्री तरंगत नसेल तर धनश्रीचे बाबा, म्हणजे आमचे बाबूलाल, ती वाटी गिऱ्हाइकापुढे जाऊच देत नाहीत. डॉक्टरनं तेल कमी करा म्हटलं, तर यांनी डॉक्टर बदलला. अशा माणसाच्या पोरीनं पाण्यातून तेल काढायचं शास्त्र शिकावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी म्हणून म्हणून थकले.

तिची प्रयोगशाळा भोजनालयाच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत. तेलविहिरीतून तेलासोबत काळं, खारट पाणी वर येतं, त्याचे ड्रम गुजरातेतून तिच्याकडे येतात. संत्र्याच्या वाळक्या सालींचा भुगा वरचं तेल पितो आणि चिंचोक्याचं पीठ उरलेला गाळ तळाला बसवतं. चिंचोके आम्हा कोष्ट्यांना नवे नाहीत. घरात माग होते तेव्हा सुताला खळ त्याचीच लागायची. तरीही दोन वर्षांत बाबूलाल कधी गच्चीवर चढले नाहीत. "तेल काढाची विद्या माह्या घरात नोको," म्हणायचे, आणि पोरीशी जेवणापुरतं बोलायचे. मला याचा राग यायचा. फार यायचा.

त्या सोमवारी तेल कंपनीचे गोपाळराव साहेब पाहणीला आले. त्यांना पटलं तर धनश्रीला विहिरींजवळ मोठी टाकी बांधून मिळणार होती. नाही पटलं तर ड्रम बंद, खोली बंद, आणि पोर नोकरीसाठी बंगळुरूला. मी साहेबांना पोहे खाऊ घातले.

वर जाऊन तिनं ड्रमचं झाकण उघडलं आणि तिथेच थिजली. ड्रमवर लालभडक तर्री होती. बोटभर. त्यावर कोथिंबीर.

"हा वास कसला?" साहेबांनी विचारलं. वास तसा सुरेख होता.

मागे जिन्यात कोणी तरी खाकरलं. खांद्यावर पंचा टाकून बाबूलाल उभे होते.

"बाबा, काय केलं गा हे? काहून केलं?"

"पाहुणे येऊन राहिले, अन् झाकण काढून पाह्यतो तं वर नुसता पुसटसा तवंग! लाज वाटली मले. बाबूलालच्या घरी असं पाहून गेले तं लोकं काय म्हणतीन? मंग देल्ली फोडणी."

"तुम्ही वर कधी आलते?" मी विचारलं.

"सकाळी," हे म्हणाले आणि कबुतरांकडे बघू लागले.

मी यांना तिथेच सोलून काढणार होते. पण धनश्रीनं डोळे पुसले आणि ती साहेबांकडे वळली. "साहेब, हा आता तुमचा नमुना राहिला नाही. यात माझ्या बाबांची तर्री आहे. दुसरा ड्रम माझ्याकडे नाही."

गोपाळरावांनी ड्रमभोवती एक फेरी मारली. "तेलच आहे ना? मग काढून दाखवा. नाही निघालं तर मी निघतो."

झालं! बाबूलाल खवळले. "कशी निघन? माही तर्री साबनानं निघत नाही साहेब!"

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" मी ओरडले.

हा प्रश्न यांना तोवर पडलाच नव्हता.

धनश्रीनं सालींचा भुगा पसरला. तो तेल पिऊन फुगला, लाल झाला. ती झाऱ्यानं काढायला गेली, पण घाईत झारा असा तिरपा धरत होती की निम्मा भुगा परत ड्रममध्ये पडायचा. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"सर बाजूले," बाबूलाल म्हणाले. "झारा असा धरत नाही वं." त्यांनी झारा घेतला आणि कडेकडेनं, एक थेंब न सांडता, भुगा उचलू लागले. ती पसरायची, हे काढायचे. ज्या हातानं जन्मभर तर्री वाढली, त्याच हातानं हा माणूस स्वतःची तर्री उतरवत होता, आणि मला पाहवतही नव्हतं, नजर हलवताही येत नव्हती.

बाजूच्या परातीत भुग्याचा ढीग झाला. साहेबांचा हात हळूच तिकडे गेला. मी तो चटकन मागे ओढला. "साहेब, ते खायचं नाही. त्यात तुमच्या विहिरीचं पाणी आहे."

मग तिनं चिंचोक्याचं पीठ घालून ढवळलं. गाळ हळूहळू खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. धनश्रीनं काचेच्या पेल्यात पाणी भरलं आणि ते साहेबांऐवजी आधी बापाच्या हातात दिलं. यांनी पेला उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"पुरी निघाली वं, पुष्पा," हे म्हणाले. डोळे भरून आले होते. "पुरी निघाली. आपल्या पोरीनं काढली!" माझा दोन वर्षांचा राग तिथेच विरघळला.

टाकी मंजूर झाली. साहेबांनी एकच अट घातली. यापुढे चाचणीच्या प्रत्येक ड्रमवर अशीच तर्री हवी. या तर्रीपुढे जे तंत्र टिकेल ते कुठल्याही विहिरीवर टिकेल. त्यामुळे ड्रम आला की बाबूलाल गिऱ्हाइकं सोडून, फोडणीचं पातेलं घेऊन जिना चढतात.

काल धनश्री वैतागली. "बाबा, थोडं कमी टाक ना गा. काढता काढता हात दुखते माहे."

"तुह्या कामात हात आखडू का मी?" हे म्हणाले, आणि आणखी एक पळी ओतली.