हातांवर झेललेले धक्के

महिपत कासाराला सायकल चालवताना पाहिलं की अनोळखी माणसाला हसूच यायचं. सीटवर तो नावापुरताच बसायचा. खड्डा दिसला की बूड उचलायचं, दोन्ही तळहात हॅण्डलवर रोवायचे आणि सगळा भार पुढे घ्यायचा. कारण मागे कॅरिअरवर बांगड्यांची पेटी असायची, आणि गिट्टीच्या रस्त्याला काचेची दयामाया नसते. आंध्राच्या हद्दीतल्या वांकिडीहून निघून तो वीस-बावीस गावं करायचा. पेटीला बसायचा तो प्रत्येक धक्का त्यानं बावीस वर्षं आपल्या हातांवर घेतला. पेटी उघडली आणि आत फुटकी बांगडी निघाली, असं कधी झालं नाही, याचा त्याला कोण अभिमान! हातांचं काय होतंय, हे मात्र त्यानं कधी पाहिलं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग झटकूनही जाईनात. सायकलवाल्या डोमाजीकडून त्यानं हॅण्डल दोन बोटं वर करून घेतलं, मुठींवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यावर बायकोच्या फाटक्या लुगड्याची घडी बांधली. रात्री तिळाचं तेल चोळलं. दर मैलाला तो हात वर करून झटकायचा, आणि शेतातली माणसं रामराम समजून उलटा रामराम करायची. बोटं काही जागी झाली नाहीत.

कासाराचं सगळं दुकान बोटांत असतं. बाईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड जरा दाबलं, की माप कळलं पाहिजे. माप विचारून बांगड्या देतो तो फेरीवाला, कासार नव्हे, असं महिपत ऐटीत सांगायचा. आता तो डोळ्यांनी अंदाज बांधू लागला होता आणि वेळ मारून नेत होता.

पण त्याची झोप उडाली होती ती वेगळ्याच भीतीनं. तेव्हा गावोगावी शाळेच्या आणि चावडीच्या भिंतींवर सरकारनं रंगवून ठेवलं होतं, की अंगावर बधिर चट्टा असेल तर दवाखान्यात दाखवा, औषधानं बरं होतं. हेतू चांगलाच होता. लोकांनी त्यातला ‘बधिर’ तेवढा घरी नेला आणि औषध भिंतीवरच ठेवलं. ज्याला चटका कळत नाही, काटा कळत नाही, त्याला महारोग. त्याचा तांब्या वेगळा, त्याची खाट गोठ्यात. आणि महिपतचा धंदा तर लोकांच्या लेकीसुनांचे हात हातात घेण्याचा.

बायकोला, गयाबाईलाही त्यानं सांगितलं नाही. राजुऱ्याहून माल आणतो म्हणून निघाला आणि उलट्या दिशेला आसिफाबादच्या दवाखान्यात गेला. तरुण तेलुगू डॉक्टर होता. त्यानं बोटांवरून पीस फिरवलं, टाचणी टोचली, कोपर चाचपलं, पाठ उघडी करून बघितली.

“वो बीमारी नहीं है,” डॉक्टर म्हणाला. “सायकल के हॅण्डल से नस दबती है. तीन महिना सायकल छोडो.”

“छोडा तो खाऊंगा क्या साब?”

“तो पीछे बैठो. हाथ ढीला रखो.”

हात ढिला सोडला तर काच फुटते, हे त्या भल्या माणसाला कसं समजवायचं? महिपतनं मान डोलावली. डॉक्टरनं इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली, हा रोग नाही अशी. महिपत दवाखान्याबाहेरच्या चिंचेखाली बसला आणि सुटकेनं पोटभर रडला. मग त्याच्या लक्षात आलं, की ही चिठ्ठी कुणालाच दाखवता येणार नाही. दाखवायची म्हणजे आधी शंका होती हे सांगायचं. त्यानं ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवली.

आठ दिवस तो घरी बसला. बोटांना जराशी जाग येते आहे असं वाटायला लागलं, तोच सावरगावहून रेणुकाबाईंचा निरोप आला. नातीचा, सोनाचा, लग्नाचा चुडा भरायचा होता. रेणुकाबाईंच्या तिन्ही लेकींचा चुडा महिपतनंच भरला होता. सोना पाळण्यात होती तेव्हा तिच्या मनगटातल्या काळ्या बांगड्याही त्याच्याच हातच्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सोळा मैल रस्ता होता. हिरव्या बांगड्या त्यानं तळहाताच्या फोडासारख्या जपल्या आणि सगळे धक्के पुन्हा हातांवर घेतले.

मांडवात सोना पाटावर बसली होती. अंगाला हळद लागलेली, भोवती बायका. डावा हात नीट भरून झाला. उजव्या हाताला तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. नेहमी अशा वेळी त्याची बोटं आपोआप थांबायची. आज थांबली नाहीत. त्यानं दाबलं आणि कट्कन आवाज झाला.

“वाढली, वाढली,” एका म्हातारीनं घाईनं सावरलं. लग्नघरी बांगडी फुटली म्हणत नाहीत.

सोनाच्या हळदीच्या मनगटावर रक्त पडू लागलं. बायका धावल्या, कुणी पाणी ओतलं, कुणी पदरानं पुसलं. पण मनगटावर जखमच सापडेना. महिपत कावराबावरा होऊन पुढची बांगडी शोधत होता.

“मले नाई लागलं,” सोना म्हणाली. “महिपतमामा, तुमचं बोट कापलं.”

त्यानं खाली पाहिलं. हिरव्या काचेचा तुकडा त्याच्या करंगळीत नखाएवढा रुतला होता.

“तुमाले समजलं नाई?” रेणुकाबाईंनी हळूच विचारलं.

“सायकलनं होते, मावशी. हॅण्डलनं नस दबते,” तो म्हणाला. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्यानं जे करायला नको होतं तेच केलं. “पाहा, डॉक्टरची चिठ्ठी हाय माह्यापाशी. तो रोग नाई म्हणून लिहून देल्लं त्यानं.”

“कोणता रोग?” मागून कुणीतरी विचारलं.

त्यानं चिठ्ठी पुढे धरली. तिला रक्त लागलं होतं. इतक्या बायकांतून एकीनंही हात पुढे केला नाही. त्यांचंही काय चुकलं? इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि बोटातली काच तर सगळ्यांनी पाहिली होती.

“उरलेल्या आमी भरतो, महिपतभाऊ,” रेणुकाबाई म्हणाल्या. “तुमी दमले असान. लांबून आले.”

मानात त्यांनी काही कमी केलं नाही. शिधा, नारळ, धोतर, सगळं सुपात घालून आणलं. फक्त सूप दर वेळेसारखं त्याच्या हातात दिलं नाही, त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

चुडा भरला की नवरी कासाराच्या पाया पडते आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो. सोना उठून वाकायला निघाली. रेणुकाबाईंनी तिचा खांदा धरला.

“दुरूनच कर, माय.”

सोनानं आजीकडे पाहिलं, मग महिपतकडे. तिचे डोळे भरून आले, पण ती होती तिथूनच वाकली. सवयीनं महिपतचा हात वर गेला होता. तो त्यानं खाली घेतला आणि धोतराला पुसला.

त्यानं पेटी कॅरिअरवर बांधली. दोरीची गाठ डोळ्यांनी पाहून मारावी लागली. संध्याकाळच्या आत ही गोष्ट चार गावांत जाईल आणि आठवड्यात वांकिडीच्या बाजारात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पेटीतल्या बांगड्यांसाठी आता कुणी हात पुढे करणार नव्हतं. गयाबाईला काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

वेशीबाहेर पहिला खड्डा आला. महिपतनं बूड उचललं, दोन्ही तळहात हॅण्डलवर रोवले आणि धक्का हातांवर घेतला.